कडी लावलेला डबा

मित्रांनो, माझ्या पोटावर एक नाव कोरलेलं आहे, पण ते माझं नव्हे. 'चि. सौ. कां. दाक्षायणीस, मामाकडून सप्रेम भेट' अशी ती अक्षरं आहेत. भांड्यांना स्वतःचं नाव कुणी ठेवत नाही, ज्याच्या घरी जावं त्याचं नाव अंगावर वागवायचं, एवढंच आमच्या हाती असतं. तर मी एक जुना पितळी डबा आहे, कडीचा. झाकणाला मागे बिजागरी, पुढे कडी. एकदा कडी लावली की खड्ड्यांच्या रस्त्यानं कितीही आदळआपट होऊ दे, आतलं काही बाहेर सांडत नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, थोडी फुशारकी आहे, ती तुम्ही चालवून घ्या.

माझा जन्म कुठल्या कारागिराच्या हातून झाला ते मला आठवत नाही. फक्त ठोके आठवतात. नंतर सोलापुरात नव्या पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानात मी बरेच महिने वरच्या फळीवर बसून होतो. खाली स्टीलच्या डब्यांपुढे गिऱ्हाइकांची गर्दी असायची आणि माझ्याकडे कुणी मान वर करूनही बघत नसे. एक दिवस दाक्षायणीचे मामा आले. जुन्या वळणाचे गृहस्थ. भाचीच्या लग्नात स्टील द्यायचं नाही, असं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. त्यांनी मला खाली काढायला लावलं, दोनदा कडी लावून पाहिली आणि दुकानातच नाव घालून घेतलं. त्याला आता एकवीस वर्षं झाली.

दाक्षायणीचं सासर अक्कलकोटच्या पुढं, अगदी कर्नाटकच्या शिवेजवळ. त्या गावात माणसं एक वाक्य मराठीत सुरू करतात आणि कानडीत संपवतात. आईला अव्वा म्हणतात, वडिलांना आप्पा. दाक्षायणीचा नवरा शिवानंद याचं बसस्टँडजवळ किराणा दुकान आहे. घरात शेंगापोळी झाली की पहिली रवानगी माझ्यातून व्हायची. नणंदेकडे, जावेच्या माहेरी, बाळंतिणीकडे, जत्रेला आलेल्या पाहुण्यांकडे. दाक्षायणीची शेंगापोळी म्हणजे काय सांगू तुम्हाला. पापुद्रा पातळ आणि आत शेंगदाणा-गुळाचं सारण काठापर्यंत. लोक पोळीचं कौतुक करायचे, आणि मला वाटायचं, त्यात थोडं माझंही आहे.

आमच्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. कुणाकडून कुरडया यायच्या, कुणाकडून चार लिंबं, कुणाकडून मूठभर हरभरे. दाक्षायणी मला उघडायची आणि आतलं बघून त्या घरात काय चाललंय ते ओळखायची. आणि घरात द्यायला काहीच नसलं तर लोक चिमूटभर साखर घालायचे. साखर दिसली की ती मनाशी खूण बांधायची. दुसऱ्या दिवशी पदर खोचून त्या घरी चक्कर मारायची, कुणाचं दुखतंय का, कुणाचं बिनसलंय का, ते बघून यायची. तिचा अंदाज फारसा चुकायचा नाही.

मग प्लॅस्टिकचे डबे आले. रंगीत, हलके, एकात एक बसणारे. मला माळ्यावर टाकण्यात आलं. शिवानंदनं माझ्यात सुतळीचे गुंडे आणि बॅटरीचे जुने सेल भरून ठेवले. शेंगापोळी वाहिलेला मी, आणि पोटात गळके सेल. नऊ वर्षं मी तसा होतो. माळ्यावर उंदीर सोडले तर बोलायला कुणी नव्हतं. एकटेपण म्हणजे काय हे मला तिथंच कळलं. अंधाराचं मला काही वाटलं नाही, खाली भांड्यांचा आवाज व्हायचा आणि आपल्याला कुणी हाक मारत नाही, हे मात्र फार लागायचं.

मला परत खाली आणलं ते चंद्रिकामुळं. ही शिवानंद-दाक्षायणीची एकुलती एक लेक. बारावीला तिला चांगले गुण पडले आणि तिनं बी.एस्सी. करायचं म्हणून हट्ट धरला. कॉलेज सोलापुरात, राहायला मुलींचं वसतिगृह. शिवानंदचं मन होईना. माणूस चांगला, पण लेकीच्या बाबतीत अगदी हळवा. शेवटी तयार झाला तो एका अटीवर. तिथं करमलं नाही, एकटं वाटलं, तर कुढत बसायचं नाही, सरळ घरी यायचं आणि बी.ए.ची परीक्षा बाहेरून द्यायची. बी.एस्सी. बाहेरून होत नाही, त्याला प्रयोगशाळा लागते, हे चंद्रिकाला चांगलं माहीत होतं. म्हणजे एकटं वाटतंय असं ती ज्या दिवशी कबूल करणार, त्या दिवशी तिचं शिक्षण संपणार होतं. मित्रांनो, पुढं जे घडलं ते सगळं या एका अटीतून घडलं.

लेक गेल्यावर दाक्षायणीनं मला माळ्यावरून काढलं. सेल फेकले, चिंच लावून घासलं, अक्कलकोटच्या बाजारात शोधून शोधून एक कल्हईवाला गाठला. मी पुन्हा झळझळीत झालो. एका रविवारी मी भरून जायचं, आठवडाभर वसतिगृहात राहायचं आणि पुढच्या रविवारी परत यायचं, असं ठरलं. आमच्या गावाहून सकाळी निघणाऱ्या एसटीचा ड्रायव्हर धुळाप्पा मला आपल्या शेजारी बॉनेटवर ठेवायचा. खालून इंजिनाची धग, वरून ऊन. सोलापूरच्या स्टँडवर चंद्रिका आधीच येऊन उभी असायची. मला दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरायची. त्या क्षणी माझी नऊ वर्षांची खंत पार निघून जायची.

तिची खोली दोघींची होती. दुसऱ्या खाटेवर शुभदा नावाची मुलगी. शुभदा म्हणजे सगळ्या कॉलेजचं काम अंगावर घेतलेली. नाच, वक्तृत्व, श्रमदान, काही विचारू नका. तिच्या खाटेवर कायम चार मुली बसलेल्या, खिदळणं चाललेलं. चंद्रिका आपल्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून वही लिहीत असायची. पहिल्याच आठवड्यात वर्गात सगळ्यांनी आपापली ओळख करून दिली होती. हिनं उभं राहून आपल्या गावच्या बोलीत सांगितलं आणि वर्ग हसला. त्यात कुणाच्या मनात वाकडं नव्हतं. दोन मिनिटांत सगळे विसरले. ही विसरली नाही. त्या दिवसापासून तिनं बोलणंच कमी केलं. कुणी काही विचारलं तर मान हलवायची आणि निघून जायची.

मेसमध्ये लांब टेबलं असतात. आठ-आठ जणी बसतात. ताट घेऊन उभं राहायचं आणि कुणाशेजारी बसावं ते ठरवायचं, एवढीशी गोष्ट. पण ती तिला जमेना. मग ती मेसला जायचीच बंद झाली. शुभदा आणि तिच्या मैत्रिणी जेवायला गेल्या की ही मला कपाटातून काढायची. एक पोळी, नाहीतर कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगाचटणी. खाटेच्या कडेला बसून पटपट खायची. बाहेर पावलं वाजली की लगेच कडी लावून मला आत ढकलायची. मी घरी गेलेल्या आठवड्यात कागदात बांधून ठेवलेल्या कडक भाकरीवर भागवायची.

संध्याकाळी दाक्षायणीचा फोन यायचा. जेवलीस का, कुणाबरोबर जेवलीस, पोळ्या आवडल्या का पोरींना. ही भिंतीला टेकून सांगायची की शुभदाला फार आवडल्या, तिनं तीन खाल्ल्या. आम्ही दोघी एका ताटात जेवतो. नोव्हेंबरात तिला ताप आला, तेव्हा तर तिनं कमाल केली. शुभदा रात्रभर उशाशी बसली होती म्हणून सांगितलं. उशाशी मी होतो, मित्रांनो. माझ्या गार झाकणावर तिनं तळहात ठेवला होता. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ तशीच बसायची, आणि मला तिचा फार कळवळा यायचा.

पण खरं सांगायचं तर त्यात माझाही हात होता. मी भरलेला येत होतो म्हणून तिला मेसची पायरी चढायची गरज पडत नव्हती. मी नसतो तर भुकेनं का होईना, ती चार मुलींच्यात जाऊन बसली असती. आईची माया पोचवायची म्हणून मी जात होतो, आणि तीच माया तिला खोलीत कोंडून ठेवत होती. हे मला त्या वेळी कळत नव्हतं असं नाही. पण नऊ वर्षांनी कुणीतरी आपल्याला छातीशी धरतंय म्हटल्यावर कोण तोंड उघडेल.

परत जाताना मला रिकामं पाठवायचं नाही, हे तिच्या रक्तातच होतं. ती मेसच्या डब्यातली साखर चिमूटभर आणायची, माझ्या तळाशी घालायची आणि कडी लावायची. तिला वाटायचं, रीत पाळली, झालं. घरी दाक्षायणी मला उघडायची. साखर बघायची. पाच महिन्यांत मी अकरा वेळा तिकडं गेलो आणि अकराही वेळा साखर घेऊन परत आलो. नवऱ्याला ती एका शब्दानं काही बोलली नाही. जानेवारीत कॉलेजचं स्नेहसंमेलन असल्याचं चंद्रिकाच्या तोंडून ऐकलं, तेव्हा मात्र म्हणाली की आपण दोघं जाऊ. शिवानंदला वाटलं, बायकोला नाच-गाणी बघायची आहेत.

त्या वेळी दाक्षायणीनं वीसच्या जागी चाळीस पोळ्या लाटल्या. चंद्रिकाच्या मैत्रिणींची नावं तिला फोनवर ऐकून पाठ झाली होती. मला कापडी पिशवीत घालून तिनं मांडीवर घेतलं. धुळाप्पानं आज डबा बॉनेटवर नाही का म्हणून विचारलं, तर म्हणाली, आज त्याला माझ्याजवळ राहू दे. दोन दिवस तिनं मला हातातून खाली ठेवलं नाही. म्हणून तर मला सगळं बघायला मिळालं.

शनिवारी विज्ञान प्रदर्शन होतं. पताका लावल्या होत्या, मैदानावर स्पीकर बोंबलत होता, दारातच मुलामुलींचे घोळके फोटो काढत होते. चंद्रिका आम्हाला घ्यायला फाटकाशी आली. आईच्या गळ्यात पडली आणि लगेच सावरली. तिला एका सूक्ष्मदर्शकापाशी उभं राहायचं काम मिळालं होतं. काचेखाली तिनं ज्वारीचं पीठ ठेवलं होतं, आप्पांच्याच दुकानातलं. मागच्या खेपेला ती पिठाची पुडी माझ्यातूनच गेली होती. त्यावर आयोडीनचा थेंब टाकला की पिठाचे कण निळे दिसतात, हे ती येणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगत होती. आणि काय सांगू, त्या टेबलापाशी ती अडखळत नव्हती. लहान मुलं आली, म्हातारे आले, एक पोलीस आला, सगळ्यांशी ती भरभरून बोलत होती. शिवानंदनं एक डोळा मिटून आत पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं, मागं रांग लागली. पंचवीस वर्षं ज्वारी जोखतोय पण आत असलं काही असेल असं कधी वाटलं नव्हतं, असं तो बाजूला होऊन म्हणाला. पुढं तासभर तो तिथंच एका खांबाला टेकून लेकीचं बोलणं ऐकत राहिला.

दुपारी आम्ही कँटीनसमोरच्या कट्ट्यावर बसलो. दाक्षायणीनं मैत्रिणींची चौकशी केली. शुभदा नाचाच्या तालमीला गेली होती. दुसरी कुठंतरी गेली होती, तिसरीला बरं नव्हतं. चंद्रिका हे भराभर सांगत होती आणि बोटानं कट्ट्यावरची धूळ खरवडत होती. समोरून तिच्या वर्गातल्या कितीतरी मुली गेल्या. एकही थांबली नाही. एकीनंही 'हे तुझे आईबाबा का' म्हणून विचारलं नाही. दाक्षायणी प्रत्येकीकडं बघून हसत होती आणि पिशवीवरचा तिचा हात घट्ट होत होता. शिवानंद भेळ खाण्यात दंग होता. ते दोघं मुक्कामाला भवानी पेठेत एका नातेवाइकांकडं गेले. जाताना लेकीनं हात हलवला. पाठमोरी झाल्यावर ती त्या एवढ्या गर्दीतून एकटीच चालत गेली, आणि गर्दीनं तिला वाट करून दिली, एवढंच.

रविवारी सकाळी दाक्षायणी वसतिगृहात आली. पुरुषांना आत सोडत नाहीत, म्हणून शिवानंद व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसला. खोलीत शुभदा आणि आणखी दोघी नाचाची तयारी करत होत्या. केसांत गजरे, गालाला रंग, एका आरशासाठी तिघींची ढकलाढकली. चंद्रिका दारातच थिजली. दाक्षायणी सरळ शुभदाच्या खाटेवर जाऊन बसली, मला मांडीवर घेतलं आणि कडी काढली. खोलीभर गुळाचा वास सुटला.

"तूच शुभदा व्हय? आमच्या चंद्रीला ताप आला तवा रातभर उशाला बसलीस. तुजं लई उपकार हायेत बाई."

शुभदानं दाक्षायणीकडं पाहिलं, मग चंद्रिकाकडं. हातातली पिन तिनं खाली ठेवली. ती हो म्हणू शकली असती. वेळ निभावून गेली असती आणि आम्ही सगळे पोळ्या खाऊन घरी गेलो असतो.

"काकू, मला माहीतच नाही तिला ताप आलेला. ही आमच्याशी बोलतच नाही. डबा आला की कडी लावून कपाटात ठेवते. आम्हाला वाटलं, हिला आम्ही आवडत नाही, आम्हाला द्यायचं नाही."

ती हे टाकून बोलली नाही. तिच्या आवाजात जुनं दुखणं होतं. पाच महिने तीही त्याच खोलीत राहत होती, गुळाचा वास तिलाही येत होता, आणि तिलाही कुणी एक पोळी पुढं केली नव्हती. माझी कडी, जिचा मला एवढा अभिमान, ती त्या मुलींनी आपल्या तोंडावर लावलेली कडी म्हणून पाहिली होती. मित्रांनो, त्या वेळी मला माळ्यावरचे गळके सेल परवडले असं झालं.

चंद्रिका खाली बघत होती. मान वर न करता ती म्हणाली की मला वाटलं, तुम्ही हसाल. शुभदानं खाली ठेवलेली पिन उचलून केसांत खोचली. बाहेरून कुणीतरी त्यांना रंगमंचाकडं बोलावत होतं. दाक्षायणीनं तिघींच्या हातावर एकेक पोळी ठेवली, आणि त्या हातात पोळी धरून, अवघडून, निघून गेल्या.

मायलेकी दोघीच उरल्या. चंद्रिका रडायला लागली. दाक्षायणीनं तिला जवळ घेतलं नाही, तशीच बसून राहिली.

"मला म्हैत व्हतं. अकरा बारी साखर आली डब्यातनं. धा पोरींनी खाल्लं असतं तर एकीच्या तरी आयेची वडी आली असती की."

चंद्रिकानं माझ्याकडं पाहिलं. पाच महिने तिनं खोटं बोलून जे झाकलं होतं, ते मी तिच्याच हातानं दर खेपेला घरी पोचवत होतो. तिच्या घरची रीत तिनं इमानानं पाळली आणि त्या रीतीनंच तिला उघडं पाडलं.

व्हरांड्यात आल्यावर दाक्षायणीनं नवऱ्याला सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. शिवानंद ऐकत राहिला. रागावला नाही, रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं डोळ्यावरचा चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि लेकीला सामान भरायला सांगितलं. पाचची गाडी आहे, तिनं जाऊ. पोरगी इथं एकटी तडफडतेय आणि आपण तिकडं दुकानात बसायचं, हे आपल्याच्यानं होणार नाही, असं तो म्हणाला. अट ठरली होती आणि तो अटीला धरून बोलत होता.

मैदानावर गाणं सुरू झालं होतं. टाळ्या, शिट्ट्या ऐकू येत होत्या. चंद्रिकानं ओढणीनं तोंड पुसलं.

"आप्पा, मी खोटं बोलले. मला हितं कुणी न्हाई. रोज रडू येतंय. पर मला हितंच शिकायचंय. एकटी ऱ्हाईन, पर परत न्हाई येणार."

त्या घरात आप्पांना असं कुणी कधी म्हणालं नव्हतं. शिवानंद तिच्याकडं बघत राहिला. मला वाटलं, आता हा उठेल आणि वॉर्डनबाईंकडं जाईल. तो उठला नाही. मग हळूच, जणू त्याचा तोच विचारत होता, त्यानं विचारलं की ते पिठाचं तू एवढं कुठं शिकलीस. चंद्रिकानं सांगितलं, प्रयोगशाळेत, तिथं रोज जाते, सगळे गेले तरी थांबते. त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यावर चढवला. शेवटी त्यानं मान डोलावली. आपण न्यायला येऊ नये असं वाटत असेल तर फोनवर खरं सांगायचं, रडू आलं तर रडून सांगायचं, एवढंच त्यानं मागितलं.

आता सगळं संपलं असं मला वाटलं. पण दाक्षायणीचं व्हायचं होतं. ती मला घेऊन पुन्हा खोलीत गेली. दोन खाटांच्या मधे एक स्टूल होतं. त्यावर तिनं वर्तमानपत्र पसरलं आणि उरलेल्या सगळ्या पोळ्या माझ्यातून काढून त्यावर उघड्या मांडल्या. वर झाकण नाही, काही नाही. मग तिनं लेकीला सांगितलं की आजपासून डबा येणार नाही. भूक लागली की मेसला जायचं. कुणी बोललं नाही तरी चालेल, पण बसायचं चारचौघींच्यात. चंद्रिका कासावीस झाली. निदान महिन्यातून एकदा, म्हणाली. दाक्षायणी नाही म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही.

चंद्रिका सवयीनं साखर आणायला वळली. दाक्षायणीनं तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. रिकामाच नेते."

मित्रांनो, एकवीस वर्षांत मी पहिल्यांदा पूर्ण रिकामा घरी आलो. पाचच्या गाडीत दाक्षायणी खिडकीशी बसली होती आणि मी तिच्या मांडीवर होतो. अक्कलकोट येईपर्यंत ती रडत होती. शिवानंद दोन सीट सोडून बसला होता, त्यानं ओळखलं असावं, पण तो मागं वळला नाही.

आता मी स्वयंपाकघरात फळीवर असतो. माळ्यापेक्षा बरं आहे, इथं निदान बोलणं कानावर येतं. पहिले चार दिवस चंद्रिका फोनवर सांगायची की एकटीच जेवले. दाक्षायणी 'बरं' म्हणायची आणि काय काय होतं ते विचारायची. फोन ठेवल्यावर परातीपाशी जायची, पीठ घ्यायची आणि परत पिठाच्या डब्यात ओतायची. तिला माझ्याकडं बघवत नाही, मला तिच्याकडं. शुभदा अजून फारशी बोलत नाही म्हणे. दुखावलेली माणसं एका पोळीनं जवळ येत नाहीत. पण ज्या स्टुलावर पोळ्या मांडल्या होत्या, ते दोघींनी अजून मधून हलवलेलं नाही. काल चंद्रिकानं सांगितलं की मेसमध्ये तिनं शेजारच्या मुलीकडं मीठ मागितलं, आणि त्या मुलीनं दिलं. एवढंच. दाक्षायणीनं ते शिवानंदला सांगितलं, त्यानं दुकानातल्या गिऱ्हाइकाला तसंच ठेवून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

असल्या आत्मकथेच्या शेवटी मी 'मला घासा, पुसा, जपा' म्हणावं, अशी तुमची अपेक्षा असेल. मी तसं म्हणणार नाही. मला धूळ बसली तर बसू द्या. पण तुमच्या वर्गात, तुमच्या खोलीत कुणी कडी लावून बसलेलं असेल, तर ते गर्विष्ठ आहे असं ठरवून मोकळे होऊ नका, आत काय आहे ते एकदा विचारा. आणि तुम्हीच तसे असाल, तर आईला फोनवर खरं सांगा. तिला त्रास होईल, पण तो तिला सोसतो. खोटं ऐकलं की ती बिचारी नुसत्या जास्त पोळ्या लाटत बसते.

दर रविवारी सकाळी धुळाप्पाची गाडी आमच्या दारावरून जाते आणि तो सवयीनं हॉर्न वाजवतो. दाक्षायणी दारापर्यंत जाते. हात हलवते. डबा आहे का म्हणून तो खुणेनं विचारतो, आणि ती मान हलवून नाही म्हणते. मलाही जावंसं वाटतं, खोटं कशाला सांगू. फार जावंसं वाटतं. पण मी जात नाही, म्हणून तिकडं आज ती पोरगी ताट घेऊन रांगेत उभी असेल.